डिस्क-कॅशे प्रकार (क्यूईएमयू)

आभासी यंत्राच्या डिस्कवरील वाचन-लेखनात यजमान संगणकाची स्मृती कशी वापरायची, हे ठरवणारी मांडणी. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्यूईएमयू प्रणालीत (पहा : आभासीकरण, लिनक्स) या मांडणीचे पाच प्रकार आहेत. ‘राइटबॅक’मध्ये माहिती यजमानाच्या स्मृतीत पोहोचताच लेखन पूर्ण मानतात, आभासी यंत्राने फ्लश आदेश दिल्यावर ती डिस्कवर पक्की होते. ‘राइटथ्रू’मध्ये प्रत्येक लेखन डिस्कवर पक्के होईपर्यंत थांबावे लागते, त्यामुळे लेखन मंदावते. ‘नन’ यजमानाची कॅशे (स्मृतीतील तात्पुरता साठा) वगळतो. ‘डायरेक्टसिंक’ ती वगळून प्रत्येक लेखन पक्केही करतो. ‘अनसेफ’ फ्लश आदेश पाळत नाही; लेखन जलद होते, पण वीज गेल्यास माहिती नष्ट होऊ शकते. या प्रकारांच्या वेगाच्या तुलनेसाठी यजमानाच्या स्मृतीपेक्षा मोठी फाइल वापरतात. अन्यथा डिस्कऐवजी स्मृतीचाच वेग मोजला जातो.