बाणाचे मुख

तळेऱ्याच्या तिठ्यावर उभे राहिले म्हणजे एक वाट विजयदुर्गाकडे उतरते आणि दुसरी गगनबावड्याचा घाट चढते. पहिलीच्या टोकाला समुद्र आहे आणि समुद्रावरून आलेल्या शस्त्रांचा इतिहास आहे. दुसरीच्या दोहों अंगांस रान आहे आणि रानातल्या शिकारीचा इतिहास आहे. आजचा विषय या दोन्ही वाटांवरचा आहे.

बाण म्हटला की आपल्याला धनुष्य आठवते, धनुर्धर आठवतो. सावजाच्या अंगी लागते ते मात्र बाणाचे मुख. कौटिल्याने हे नेमके ओळखले होते. अर्थशास्त्रात आयुधागाराचे प्रकरण आहे. त्यात बाणमुखांची कामे तीन सांगितली आहेत: छेदन, भेदन आणि ताडन. म्हणजे कापणे, आत शिरणे आणि नुसता ठोसा देणे. मुखे घडवायची द्रव्येही तीनच: लोखंड, हाड आणि लाकूड. हा केवळ पोथीतला विचार नव्हे. सातपुड्यातल्या भिल्लांच्या तीरकामठ्यातही तो दिसतो. पाखरू पाडायचे तर बोथट टोक, मोठे जनावर असेल तर लोखंडी पाते.

पाते रुंद का हवे? बंदुकीची गोळी जोराच्या आघाताने मारते. बाण मारतो तो रक्तस्रावाने. जखम जितकी रुंद, तितका जीव लवकर जातो. पण रुंद पाते आत शिरताना अडते, आणि हवेतून जाताना वाराही धरते. चिलखतावर तर त्याचे काही चालत नाही. तिथे सुईसारखे अणकुचीदार टोक लागते. छेदन हवे तर भेदन कमी, भेदन हवे तर छेदन कमी. बाणाच्या इतिहासातली ही ओढाताण फार जुनी आहे.

आडव्या धनुष्याने, म्हणजे क्रॉसबोने, ती आणखी वाढवली. यात धनुष्य दांड्यावर आडवे बसवतात, दोरी ताणून खाचेत अडकवतात आणि चाप ओढून बाण सोडतात. चीनमध्ये शिआनजवळ पहिल्या सम्राटाच्या समाधीपाशी १९७४ पासून उत्खनन झाले. तिथे काशाचे चाप आणि सुमारे ४०,००० बाणमुखे मिळाली. युरोपात ११३९ साली लॅटरनच्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसांवर हे शस्त्र चालवण्यास बंदी केली. ती कोणी फारशी पाळली नाही. वास्को द गामाच्या जहाजांवर आडवी धनुष्ये होती, आणि १५१० साली आल्बुकर्कने गोवा घेतले तेव्हा पोर्तुगीज सैन्यात ती चालवणारे लोक होते. पुढे बंदुकीने त्यांना मागे सारले.

युद्धातून गेलेले हे शस्त्र शिकारीत मात्र टिकले. अमेरिकेत आजही त्याने हरणे मारतात. नव्या आडव्या धनुष्यातून सुटलेला बाण सेकंदाला ३०० ते ४०० फूट जातो. एवढ्या वेगात रुंद पाते पंखासारखे वागते आणि बाण भरकटतो. म्हणून मिटती पाती निघाली. उडताना ती चाकूच्या पात्यासारखी दुमडलेली असतात. कातडीला लागताच उघडतात. छेदन आणि भेदन एकाच मुखात आणण्याचा हा खटाटोप आहे.

तो फुकट मात्र होत नाही. पाती उघडण्यातच बाणाचा काही जोर खर्च होतो. बाण तिरका लागला तर तो घसरण्याचा संभव असतो. शिवाय चाप ओढताच असा हिसका बसतो की पाती सुटण्यापूर्वीच उघडावीत. म्हणून आडव्या धनुष्यासाठी ती अधिक घट्ट धरून ठेवावी लागतात. आणि नेमच चुकला, तर कोणतेही पाते शिकाऱ्याची लाज राखत नाही. जनावर जखम घेऊन रानात शिरते आणि तिथे तडफडत राहते.

आपल्याकडे या प्रश्नाला कायद्याचे उत्तर आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणही घातला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीची दारे बंद झाली. पण कायद्याने शेतकऱ्याची रात्र संपत नाही. डुकरे एका रात्रीत भाताचा खाचर उलथून टाकतात, माकडे नारळ ठेवत नाहीत. उभ्या पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराबाबत परवानगी देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. ती परवानगी आणि भरपाई वेळेवर मिळावी, ही मागणी न्यायाचीच आहे. ती मिळत नाही तेव्हा कोणी चोरून तारेची फासकी लावतो. डुकरासाठी लावलेल्या त्या फासकीत बिबट्या अडकतो आणि तासन् तास हाल होऊन मरतो.

तेव्हा शस्त्र जुने की नवे, हा प्रश्न दुय्यम आहे. ते कोणाला लागते आणि किती लवकर सोडवते, हे आधी विचारले पाहिजे. कौटिल्याने बाणमुखाची तीन कामे सांगितली. कोणावर बाण सोडू नये, हे ठरवण्याचे चौथे काम मात्र कोणतेही मुख करीत नाही. ते माणसालाच करावे लागते.