दान दिलेली जमीन कोणाची?

१/ रहाटणीहून पवना ओलांडली की चिंचवडास मोरया गोसावींचे समाधिमंदिर लागते. मराठेशाहीत या देवस्थानाकडे इनाम गावे होती. देवस्थान इनामाचे उत्पन्न पूजाअर्चा आणि उत्सवासाठी असे. मग अशा मालमत्तेचा मालक कोण?

२/ न्यायालयांचे उत्तर: कायद्याच्या दृष्टीने देवता हीच धारक, वहिवाटदार केवळ सांभाळणारा.

३/ याच विचारावर १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम उभा आहे. कलम ३६ नुसार न्यासाच्या स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल वा बक्षीस धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून वैध नाही. शेतजमिनीचा १० वर्षांहून आणि बिगरशेती जमिनीचा वा इमारतीचा ३ वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाही तसाच.

४/ आयुक्तांनी पाहावयाचे ते न्यासाचे हित, लाभ व संरक्षण. लबाडीने मिळवलेली मंजुरी रद्द होऊ शकते. दोन न्यास एकत्र करावयाचे, तरी कलम ५०-अ खाली योजना लागते.

५/ मित्रहो, शेते जाऊन इमारती उभ्या राहिलेल्या आपल्या पट्ट्यात हे कलम कोरडे वाटू नये. विश्वस्त ठराव करतात, खरेदीदार भाव सांगतो. दाता मात्र बोलायला उरलेला नसतो. पूर्वमंजुरी म्हणजे त्याच्या वतीने विचारलेला प्रश्न.