थंडीत ट्रक सुरू होऊन लगेच बंद का पडतो?

बाभुळगाव : कापूस वेचणीचा हंगाम आणि थंडी विदर्भात हातात हात घालून येतात. यवतमाळ-धामणगाव मार्गावरील बाभुळगावसारख्या कापूसपट्ट्यात या दिवसांत भरलेल्या मालमोटारी पहाटेच जिनिंगच्या वाटेला लागतात. अशा वेळी एक दुखणे हमखास डोके वर काढते. सेल्फ मारताच इंजिन सुरू होते, अर्धा-एक मिनिट चालते आणि आचके देत बंद पडते. पुन्हा सेल्फ, पुन्हा तोच प्रकार. शेवटी बॅटरी उतरते आणि दोष बॅटरीच्या माथी मारला जातो किंवा महागडा पंप उघडला जातो. प्रत्यक्षात बिघाड बहुधा याहून किरकोळ असतो.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. दट्ट्या हवेला इतके दाबतो, की तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. गारठ्यात धातू थंड आणि वंगण घट्ट असल्याने हे तापमान गाठणे जड जाते. मात्र, इंजिन मुळीच सुरू न होणे आणि सुरू होऊन बंद पडणे, ही दोन वेगळी लक्षणे आहेत. जे इंजिन एकदा पेटले, त्याची बॅटरी आणि सेल्फ यांनी आपले काम केलेले असते. त्यानंतर ते बंद पडते, ते बहुतेक वेळा डिझेलचा पुरवठा तुटल्यामुळे.

धुराकडे पाहा

पहिली तपासणी फुकटात होते. इंजिन आचके देत असताना सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे, पण नीट जळत नाही. अशा वेळी नोझल, पंपाचे टायमिंग किंवा इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासावे लागते. धूर जवळजवळ नसेल, तर डिझेलच पोहोचत नाही. काळा धूर हवा कमी पडत असल्याचे सांगतो. तेव्हा आधी एअर फिल्टर पाहावा.

कोरडी गळती

धूर नसताना पहिला संशय ‘एअर घेतल्याचा’ असतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीतून डिझेल ओढले जाते. या भागात जोड सैल असला, तर चालू इंजिनात डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. जमीन कोरडी राहते आणि नेमके तेच फसवते. रात्रभर उभ्या गाडीत याच फटीतून हवा शिरते व डिझेल हळूहळू टाकीकडे परतते. फीड पंपाचा झडपा झिजला असला, तरी हेच घडते. सकाळी पंपात आणि फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर इंजिन सुरू होते. ते संपले की मागून हवा येते. थंडीत रबरी नळ्या व सील कडक होतात, म्हणून ही फट पहाटे त्रास देते आणि गाडी तापल्यावर जणू नाहीशी होते.

जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाडीत उपाय सोपा आहे. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल येऊ लागले, की हातपंप दाबलेला असतानाच स्क्रू आवळावा. मग पंपावरील स्क्रूवर हीच कृती करावी. मात्र, एअर काढणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार आली, तर तांब्याचे वॉशर, नळीचे क्लॅम्प आणि फिल्टरचे सील बदलावेत. पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला, तर हवेचे बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

इतर कारणे

अर्धवट रिकाम्या टाकीत रात्री दव धरते. हे पाणी तळाशी साचते आणि सकाळी आधी तेच ओढले जाते. म्हणून टाकी संध्याकाळीच भरावी आणि फिल्टरच्या तळाचे पाणी नियमित काढावे. तुंबलेला फिल्टर, पूर्ण मागे न सरकलेली स्टॉप केबल आणि फार खाली ठेवलेले आयडलिंग यांनीही इंजिन बंद पडते. अॅक्सिलरेटर किंचित दाबून ठेवल्यावर ते चालत राहिले, तर आधी आयडलिंग तपासावे. गाडी काही अंतर चालून बंद पडली आणि टाकीचे झाकण उघडताच सुरू झाली, तर झाकणाचे हवाछिद्र बुजलेले असते.

डिझेल गोठल्याची शंका मात्र इथे सहसा खोटी ठरते. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेल 6 अंश सेल्सिअसपर्यंत फिल्टरमधून वाहते राहिले पाहिजे. यवतमाळ परिसरात पारा त्याखाली क्वचितच जातो. उन्हाळ्यातील डिझेलसाठी ही मर्यादा 18 अंश असल्याने अनेक महिने टाकीत पडून राहिलेले डिझेल तेवढे टाळावे.

हे करू नये

1 एप्रिल 2020 पासून देशभर लागू झालेल्या बीएस-6 मानकांच्या गाड्यांत डिझेलचा दाब वातावरणाच्या हजारपटींहून अधिक असतो. त्यांच्या दाबनळ्या चालू इंजिनात सैल करू नयेत. डिझेलची धार कातडी भेदून आत जाते. तिथे स्कॅनरवर सेन्सरचे कोड पाहणेच योग्य. टाकीखाली जाळ करणे कोणत्याही गाडीत जीवघेणे आहे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये आणि दोन प्रयत्नांत थोडी उसंत द्यावी.

दोष सापडेपर्यंत भरलेली गाडी रस्त्यावर काढू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. धावता ट्रक बंद पडला, की पॉवर स्टिअरिंग जड होते आणि कॉम्प्रेसर थांबल्याने ब्रेकसाठी टाकीत साठलेली हवाच काय ती उरते. उतारावर ती काही दाबांतच संपू शकते. एका वॉशरसाठी घेतलेला तासाभराचा उशीर त्यापुढे काहीच नाही.