आंग्रिया (प्रवासी जहाज)

आंग्रिया हे मुंबई–गोवा सागरी मार्गावर २०१८ ते २०२० या काळात चाललेले भारतीय क्रूझ जहाज होते. मूळचे हे जहाज 'ओगासावारा मारू' या नावाने जपानमध्ये दळणवळणाची बोट म्हणून वापरात होते. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा, विजयदुर्गच्या पश्चिमेस समुद्रात बुडालेला आंग्रिया बँक हा प्रवाळप्रदेश यांवरून त्याचे नामकरण झाले.

जपानमधील सेवा

हे जहाज १९९७ मध्ये सेवेत आले. त्याचे सकल टनभार ६,७०० व लांबी १३१ मीटर होती, तर कमाल प्रवासी क्षमता सुमारे एक हजार होती. टोकियोच्या ताकेशिबा धक्क्यावरून निघून सुमारे १,००० किलोमीटर दक्षिणेकडील चिचिजिमा बेटाला पोहोचण्यास त्याला सुमारे साडेपंचवीस तास लागत. ओगासावारा द्वीपसमूहावर प्रवासी विमानतळ नसल्याने रहिवासी, पर्यटक, टपाल आणि दैनंदिन गरजेच्या वस्तूंची ने-आण या बोटीवर अवलंबून असे.

तिच्या जागी 'टेक्नो सुपर लायनर' हे अतिवेगवान जहाज आणण्याची योजना होती. मात्र इंधनखर्च परवडणार नसल्याने २००५ मध्ये ती सोडून द्यावी लागली. त्यामुळे जुन्या जहाजाची सेवा लांबली. २०११ मध्ये हा द्वीपसमूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. २०१६ मध्ये ११,०३५ टनांचे त्याच नावाचे नवे जहाज आल्यावर हे जहाज निवृत्त झाले.

क्रूझमध्ये रूपांतर

भारतात आणल्यावर जहाजात १०४ खोल्या, उपाहारगृहे, मद्यालये व जलतरण तलाव अशी रचना करण्यात आली. प्रवासी क्षमता सुमारे ४०० वर आली. म्हणजे मूळ क्षमतेच्या निम्म्याहून कमी प्रवाशांना पूर्वीपेक्षा बरीच अधिक जागा मिळाली. स्वस्त दरातील सामायिक शयनकक्षही ठेवण्यात आले होते.

रूपांतराचा परिणाम वेगावरही झाला. टोकियोच्या मार्गावर हे जहाज सरासरी ताशी ३९ किलोमीटर वेगाने जात असे. त्या वेगाने मुंबई–गोवा हे सुमारे साडेचारशे किलोमीटरचे अंतर अकरा-बारा तासांत कापता आले असते. प्रत्यक्षात जहाज दुपारी मुंबईहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी मुरगाव बंदरात पोहोचत असे. दळणवळणाच्या बोटीत वेळ वाचवणे महत्त्वाचे असते. क्रूझमध्ये सूर्यास्त, भोजन व मुक्काम यांसाठीचा वेळ हाच सेवेचा भाग असतो.

उद्घाटन

२० ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबई बंदरात तत्कालीन केंद्रीय जहाजवाहतूक मंत्री नितीन गडकरी आणि तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत सेवेचे उद्घाटन झाले. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपूरचे हे दोन्ही लोकप्रतिनिधी होत. आंग्रियाची प्रसिद्धी देशातील पहिले क्रूझ जहाज म्हणून झाली. तथापि 'ॲमेट मॅजेस्टी' हे भारतीय क्रूझ जहाज २०११ मध्येच चेन्नईहून सुरू झाले होते.

कोकण बोटसेवेशी तुलना

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून कोकण व गोव्याकडे पूर्वी आगबोटी जात. चाकरमान्यांसाठी त्या गावी जाण्याचे मुख्य साधन होत्या. पावसाळ्यात ही वाहतूक जवळपास थांबत असे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे जाणारी 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. रस्ते वाढत गेले, तशी ही बोटसेवा १९८० च्या दशकाअखेर बंद पडली. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. आंग्रियाने त्याच जलमार्गावर रात्रीचा प्रवास पुन्हा सुरू केला. परंतु तो गरजेचा नव्हे, तर पर्यटनाचा प्रवास होता.

सेवेची अखेर

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ महासाथीमुळे आंग्रियाच्या फेऱ्या थांबल्या. चिचिजिमाच्या रहिवाशांना बोटीवाचून पर्याय नव्हता. आंग्रियाचे उत्पन्न मात्र हौसेने येणाऱ्या पर्यटकांवर अवलंबून होते. सप्टेंबर २०२१ पासून मुंबई–गोवा क्रूझ पर्यटन कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' या जहाजाने पुढे चालवले.