साक्षीला कोण?

चपला इथंच काढून ठेवा. आज तुम्हाला जे अंग मिळणार आहे, त्याच्या पायांना चपलांची सवय नाही. टाचांना भेगा, डोक्याला दुपट्टा, कमरेला गाठीत बांधलेले चार पैसे. साल १९५७, दिवस वैशाखाचे. कामाच्या शोधात निघालेला परगावचा मजूर म्हणून तुम्ही वर्धा स्टेशनावर उतरता, आणि फलाटाची फरशी पहिल्याच पावलाला चटका देते.

बाहेर येईपर्यंत इंजिनाच्या कोळशाची कच डोळ्यांत गेलेली असते. चोळू नका, आणखी झोंबेल. समोर बंड्याच बंड्या. बैलांच्या घामाचा वास, ढेपेचा वास, टोपल्यांतल्या आंब्यांचा वास, आणि सगळ्यांवर बसलेली धूळ. "बाजूनं हो ना बे!" हमाल ओरडतो आणि खांद्याला खांदा घासून निघून जातो. मागे वळून पाहतही नाही. हा धक्का लक्षात ठेवा. संध्याकाळी आठवेल.

लक्ष्मीनारायणाच्या मंदिरात जाऊन या. जमनालाल बजाजांनी ते १९२८ मध्येच सगळ्यांना खुलं केलं, आपल्या विहिरीही खुल्या केल्या. आतली फरशी गार आहे, कापराचा वास आहे, आणि तुम्हाला कुणी हटकत नाही. ज्या उंबरठ्याबाहेर पिढ्यान्‌पिढ्या थांबल्या, तो तुम्ही एका पावलात ओलांडला. ही गोष्ट लहान नाही, तिला लहान म्हणूही नये. पण हात जोडून उभे आहात तोवर पोटात कालपासूनची आग उठते, आणि काम तर शहरात मिळत नाही. म्हणून नागपूरच्या सडकेनं निघा.

ऊन आता वरून नाही, खालून येतं. सडकेकडेची कडुनिंबं सोडली तर सावली नाही. पवनारला धाम नदी अंग चोरून वाहते आहे. ओंजळीनं हवं तेवढं पिऊन घ्या, पुढे इतक्या सहज मिळणार नाही. काठावर विनोबांचा आश्रम आहे, पण ते भूदानासाठी देशभर पायी फिरताहेत. त्या फिरण्याचा उगम ठाऊक आहे ना? १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांनी दलित कुटुंबांना काय हवं ते विचारलं. त्यांनी ८० एकर जमीन मागितली. देऊळ नाही, विहीर नाही. जमीन. आपल्याला नेमकं काय अडवतं, हे त्या माणसांइतकं स्वच्छ कुणी सांगितलेलं मला माहीत नाही.

धुऱ्याधुऱ्यानं चालत तुम्ही गावाशी पोचता तेव्हा जीभ टाळूला चिकटलेली असते. चाकाची कुरकुर ऐकू येते, ओल्या दोराचा वास येतो. विहीर! पाय आपोआप उचलतात आणि आपोआप थांबतात, कारण कठड्यापासून थोड्या अंतरावर, उन्हातच, एक म्हातारी रिकामा गुंड घेऊन बसली आहे.

"बस बावा. कोणी बाई आली तं टाकन वरून."

"आपणच शेंदलं तं?"

"शेंदता येते ना. मंग उद्या कामाले कोण बोलावन?"

कायदा तिला माहीत आहे. तिच्या नातवानं तो वाचून दाखवला आहे. १९५५ पासून, विहिरीवर कुणाला अडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण इथं अडवणारा कुणी उभाच नाही. दोर आहे, बादली आहे, कठडा मोकळा आहे.

अखेर एक बाई येते. तुम्ही वाकून ओंजळ पुढे करता. ती हात उंच धरून गडवा तिरपा करते, धार अंगठ्यांच्या फटीतून निम्मी गळते, कोपरांवरून ओघळते, धोतर भिजतं. बाई दुष्ट नाही, उलट दुसरा गडवाही ओतते. फक्त तिचा हात तुमच्या हाताला लागत नाही. घोटाघोटाला तुमची मान खालीच राहते.

दिवेलागणीला वाड्यासमोर मजुरी मिळते. मालगुजारी १९५१ मध्ये कायद्यानं गेली, घरची काळी जमीन मात्र वाड्याकडेच राहिली. दिवसभर धसकटं वेचून आलेल्या बायांच्या पदरात ज्वारी पडते, तीही वरूनच. मागच्या माणसाचा तोल जातो, तुम्ही पुढच्या पांढऱ्या सदऱ्यावर आदळता आणि क्षणात सगळा आवाज बंद होतो. सदरेवाला शिवी देत नाही. तो घरी जाऊन अंघोळ करील. दिवाणजी तुम्हाला गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, मग म्हणतो, काम नाही.

गावाबाहेरच्या वस्तीत या. मातीचं घर, रॉकेलची चिमणी, भिंतीवर हार घातलेला बाबासाहेबांचा फोटो. गेल्या वर्षी १४ ऑक्टोबरला ही माणसं पांढरे कपडे घालून नागपूरला गेली होती. दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले, पण दिलेला शब्द यांनी मोडला नाही. मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. त्याची किंमत लागलीच वसूल झाली: दोन सालदारांचं साल मोडलं, बकऱ्यांना धुऱ्यावर चरायला बंदी झाली, दुकानदारानं उधारी बंद केली. भाकर आज पातळ आहे, सोबत मिरची. तिखटानं डोळ्यांत पाणी येतं, तरी तुकडा तुकडा मोडून तुम्हाला दिला जातो. पाहुण्याला आधी.

जेवणं झाली की निंबाखाली बैठक बसते. विहिरीवर जायचं, आणि अडवलं की तक्रार करायची. नातू कागद-पेन्सिल घेऊन तयार आहे.

"साक्षीला कोण?"

एक नाव निघतं. त्याचं साल वाड्यावर आहे. दुसरं निघतं. त्याच्या पोरीच्या लग्नाचं कर्ज वाड्याचं आहे. तिसऱ्याचं घर वाड्याच्या जागेवर. ठाण्याला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, आणि तारखा पडल्या तर किती जातील कोण सांगावं! नातवाचा आवाज चढतो. त्याचे वडील त्याच्यावर चिडत नाहीत, एकेका घरात किती ज्वारी उरली आहे तेवढं मोजून सांगतात. कुणी भित्रं नाही या बैठकीत. नागपूरला जाऊन आलेली माणसं आहेत ही. पण ज्याच्याविरुद्ध बोलायचं, त्याच्याच कणगीतून उद्याची भाकर यायची आहे.

मग म्हातारी तुमच्याकडे वळते.

"याले तं गावात कोणी कामच देत नाही. याचं कोण काय बुडवन?"

सगळ्या माना तुमच्याकडे फिरतात. चिमणी पुढे सरकवली जाते. नातू पेन्सिलीचं टोक जिभेला लावतो.

"सांगा दादा, नाव काय लिहू?"