रोहित्राचे वय



अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याने निघालात की नांदगाव पेठ मागे टाकल्यावर काही वेळाने गुरुकुंज मोझरी लागते. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी येथे आश्रम उभारला, त्या काळी वऱ्हाडच्या खेड्याला विजेचा परिचय होता तो बहुतेक आकाशातल्याच. पुढे १९५१ मध्ये नागपूरजवळ खापरखेड्याचे वीजघर सुरू झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला, २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि १९६१ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पारसला ३० मेगावॉटचा संच फिरू लागला. तारा खेड्यांकडे वळल्या त्या मुख्यतः यानंतर.

तारांबरोबर उपकेंद्रे आली. ३३ हजार व्होल्टांची वीज तेथे उतरते, ११ हजारांची होऊन गावोगाव जाते आणि शिवारातल्या लहान रोहित्रातून, म्हणजे आपल्या नेहमीच्या डीपीतून, घरात नि विहिरीवर पोचते. वीज कोठून येते हे आपण पुष्कळदा ऐकतो. ती उतरवणारी यंत्रे म्हातारी कशी होतात, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

रोहित्रात फिरणारे काहीच नाही, मग झिजते काय? झिजतो तो कागद. तांब्याच्या वेटोळ्यांवर कागद गुंडाळलेला असतो आणि सारे तेलात बुडवलेले असते. कागद म्हणजे सेल्युलोज. आपल्या कपाशीच्या बोंडात असते तेच. त्याच्या नव्या रेणूत सुमारे हजार कड्यांची साखळी असते. उष्णता, ओल आणि प्राणवायू मिळून ती तोडत जातात. कड्या दोनशेच्या आसपास उरल्या की कागद जुन्या वहीच्या पानासारखा ठिसूळ होतो. मग कोठे तारा एकमेकींना चिकटल्या, मोठा प्रवाह धावला, वेटोळे हादरले, की कागद फाटतो. तेल गाळता येते, बदलता येते. कागद बदलायचा म्हणजे रोहित्र नव्यानेच बांधावयाचे!

हे गणित प्रथम नीट मांडले ते अमेरिकेतल्या मॉन्टसिंगर या अभियंत्याने, १९३० साली. त्याच्या हिशेबात तापमान आठ अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते. पुढच्या प्रमाणकांत हा आकडा सहापर्यंत खाली आला. आता वऱ्हाडाकडे पाहा. युरोपात आखलेली प्रमाणके हवेचे कमाल तापमान ४० अंश धरतात नि वर्षाची सरासरी २०. अकोल्याला मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो! म्हणून भारतीय प्रमाणकाने कमाल मर्यादा ५० अंशांची धरली. शिवाय आमचा शेतकरी काही थंडीतच मोटार लावतो असे नव्हे. संत्र्याचा आंबिया बहार धरला की फळ टिकवायला भर उन्हाळ्यात ओलीत लागते. हवा सर्वांत तापलेली असते तेव्हाच पंपांचा भार अंगावर येतो. वऱ्हाडातल्या डीपी जळण्याच्या तक्रारींमागे या दोन गोष्टींचे एकत्र येणे असते, असे माझे मत आहे.

ओलीचा शत्रू त्याहून गुपचूप. दिवसा तेल तापून फुगते, रात्री आकसते. रोहित्र जणू श्वास घेते. त्या श्वासाच्या वाटेवर काचेच्या भांड्यात सिलिका जेलचे खडे ठेवतात. कोरडे असताना निळे, ओल प्यायले की गुलाबी. खडे गुलाबी झालेले पाहूनही जो ऑपरेटर ते बदलत नाही, तो पावसाची हवा थेट कागदाला पाजतो. बरं, खडे तापवून वाळवले की पुन्हा निळे होतात. खर्च जवळजवळ नाहीच.

आत बिघाड झालाच तर? १९२१ मध्ये जर्मनीत माक्स बुखहोल्ट्झ यांनी एक साधी युक्ती काढली. आत ठिणगी पडली की तेलातून वायूचे बुडबुडे उठतात. वरच्या नळीत ते साठले की तरंगणारा गोळा खाली बसतो आणि घंटा वाजते. मोठ्या रोहित्रांवर हे उपकरण आजही असते. पुढे तेलात विरघळलेले वायू प्रयोगशाळेत मोजण्याची पद्धत आली. ॲसिटिलीन सापडला तर आत ठिणगी उडते आहे असे समजावे. आणि फरफ्युराल नावाचे द्रव्य आढळले तर कागद किती कुजला त्याचा अंदाज बांधता येतो, पेटी न उघडता. शंभर मिलिलिटरच्या आसपास तेलात रोहित्राची जन्मकुंडलीच म्हणा ना!

आमच्या काळ्या जमिनीचा एक खास त्रास आहे. पावसाळ्यात ती ओली, विजेला उत्तम वाट देणारी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, माती अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि चुकार वीज जमिनीत जायला मार्ग उरत नाही. मग तिला माणूस सापडतो. त्यासाठी खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळाभर पाणी टाकावे लागते. मृगाच्या आधी फांद्या तोडणे, चिनी मातीचे इन्सुलेटर पुसणे, जंपर आवळणे ही कामे ठरलेलीच. त्यांत हे पाणी हमखास राहून जाते.

जुनी तेलाची सर्किट ब्रेकरे जाऊन निर्वाताची आली. दर मोठ्या झटक्यानंतर काळे पडलेले तेल बदलण्याची कटकट गेली. मात्र तेलाचा काळेपणा डोळ्यांना दिसे. निर्वाताच्या बंद नळीतला दोष चाचणीशिवाय कळत नाही. ब्रेकर नवा असो की जुना, त्याला उघडण्याचा हुकूम पोचतो तो बॅटरीच्या जोरावर. बॅटरीतले पाणी आटले, टोकांवर पांढरी बुरशी चढली, तर ऐन वेळी रिले ओरडते पण ब्रेकर उघडत नाही. काही लाखांचे रोहित्र त्या डबक्याएवढ्या पेटीपायी जळते.

२००५ मध्ये मंडळाच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या. पारसचे जुने संच गेले. तेथे २००८ आणि २०१० मध्ये प्रत्येकी २५० मेगावॉटचे नवे आले. २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनीची योजना निघाली, आणि तिच्यामुळे काही उपकेंद्रांवर पंपांचा भार रात्रीऐवजी दिवसा, उन्हाच्या वेळी येऊ लागला. वीज जवळच तयार होते, हा फायदाच; पण रोहित्राला रात्री मिळणारा गारवा त्या भाराच्या वाट्याला आता येत नाही, आणि थंड हवेच्या देशांत बसवलेली आयुष्याची कोष्टके तेथे पुन्हा मांडावी लागणार आहेत.