जादा कामाचा पैसा आणि त्याचे दोन हिशेब



जादा कामाचा मोबदला आणि गिऱ्हाइकाने दिलेली बक्षिसी यांवर सरकारने प्राप्तिकर घ्यावा काय, हा आजचा विषय आहे. अमेरिकेने २०२५ साली कायदा करून २०२८ पर्यंत या दोन्ही उत्पन्नांना ठरावीक मर्यादेत सूट दिली. आपल्याकडेही तसे का होऊ नये, असा प्रश्न त्यावरून निघतो. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि हजेरीपटावर जास्त झाले. त्यामुळे उत्तर द्यायचे तर ते इतिहासाने आणि आकड्यांनीच दिले पाहिजे, असे मी मानतो.

अकोला आणि अमरावती ही कापसाची गावे. जिन आणि प्रेस हा इथल्या कारखानदारीचा पाया. कापसाचा हंगाम काही महिन्यांचा. गाड्या आवारात येऊन उभ्या राहिल्या की काम तुंबलेले असायचे. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. तो मुख्यतः लहान मुलांपुरता होता, आणि वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. म्हणजे ज्या हंगामात माणूस सर्वांत जास्त राबे, त्याच हंगामाच्या कामाकडे कायद्याची पाठ होती. पुढे १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तासांची मर्यादा आणली. १९३४ साली बारमाही कारखान्यांना ५४ तास ठरले; पण जिनासारख्या हंगामी कारखान्यांना ६० च राहिले. हा भेद १९४८ च्या कायद्याने काढून टाकला. आठवड्याला ४८ तास, आणि त्यापुढील प्रत्येक तासाला दुप्पट दर, असा नियम झाला.

या दुप्पट दराचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. ते मजुराला दिलेले बक्षीस नव्हते. माणसाला जास्त वेळ राबवणे मालकाला महाग पडावे, म्हणून घातलेला तो बांध होता.

आता कराकडे वळू. जेम्स विल्सन यांनी १८६० साली प्राप्तिकर आणला. तो काही वर्षांनी बंद झाला, पुन्हा आला, आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा बसला. त्या कायद्याने शेतीचे उत्पन्न वगळले आणि वर्षाला ५०० रुपयांच्या आतले उत्पन्न मोकळे ठेवले. जिनावरचा मजूर या रेषेच्या कितीतरी खाली होता. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने पगाराची व्याख्या व्यापक केली. पगाराच्या जोडीने मालकाकडून जे मिळेल ते पगारच, म्हणून जादा कामाचा पैसाही पगारच ठरला.

इथवर कोणाची तक्रार नसावी. पण शेजारचे कायदे उघडून पाहा. १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा, १९६५ चा बोनसचा कायदा आणि १९७२ चा उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा कायदा, या तिन्हींनी जादा कामाचा मोबदला वेतनाच्या व्याख्येतून वगळला. घेताना तो पगार, आणि देताना मात्र पगार नव्हे! २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेनेही हा भत्ता व्याख्येबाहेरच ठेवला. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या अर्ध्याहून जास्त झाल्या, तरच वरचा भाग वेतनात धरायचा, एवढीच सवलत.

बक्षिसीची गतही निराळी नाही. गिऱ्हाइकाने दिलेली बक्षिसी ही मजुरी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात म्हटले. २०१६ साली आयटीसी कंपनीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ठरवले की, हॉटेलने गोळा करून वाटलेली बक्षिसीसुद्धा पगार नाही. म्हणून हॉटेलने त्यातून कर कापायचा नाही. वेटरच्या हाती मात्र ते 'इतर उत्पन्न' म्हणून करपात्र आहे. ती पगार नव्हे, म्हणून फंडातही जात नाही.

आता एक हिशेब मांडतो. ८ तासांना ४०० रुपये रोज धरा. २६ दिवसांचे १०,४०० झाले. महिन्यात ८ दिवस दोन-दोन तास जादा केले, तर दुप्पट दराने १,६०० रुपये मिळतात. वर्षाची बेरीज १,४४,००० होते. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ केला. तेव्हा या माणसाला करमाफीतून मिळणार शून्य. उलट तेच १,६०० रुपये फंडाच्या हिशेबात धरले, तर १२ टक्क्यांनी मालकाचे दरमहा १९२ रुपये त्याच्या नावावर जमा होतील.

करमाफी मागू नये असे मी म्हणत नाही; ज्याला कर लागतो त्याने ती खुशाल मागावी. पण तिने जादा तासांची गोडी वाढते, आणि मूळ पगार वाढवण्याची गरज मालकाला वाटेनाशी होते. आठवड्याला ४८ तासांची हद्द १८८१ पासून मोजली, तर ६७ वर्षांनी हाती आली. ती शून्य रुपयांना परत विकू नये. आपली मागणी तीन गोष्टींची असावी: जादा तासांची नोंद हजेरीपटावर व्हावी, दर दुप्पट मिळावा, आणि तो पैसा फंडाच्या व ग्रॅच्युइटीच्या हिशेबात पगार म्हणून धरला जावा.